मानसीच्या खुणा

"साखर किती घालू? आणि आपलं गाव कोणतं म्हणालात?"

दिगंबर म्हैसाळकर खुर्चीतच थिजले. समोर चहाचा कप होता, तोही पाहुण्यांच्या सेटमधला, बशीसकट. कप देणारी बाई अदबीनं दोन पावलं मागे सरून उभी होती. परक्या पुरुषासमोर उभं राहावं तशी. ही त्यांची बायको होती, आणि तिच्या हातचा चहा ते उभं आयुष्य कान तुटलेल्या मगमधून पीत आले होते.

"अगं, असं काय करतेस? मी आहे."

"हो, पण घरातली माणसं बाहेर गेलेली दिसतात. येतीलच इतक्यात. तोवर चहा घ्या."

दिगंबररावांनी कप बाजूला ठेवला. ते उठून तिच्या मागे गेले, तिचे केस बाजूला करून कानामागे पाहिलं. तिथं कातडीखाली तांदळाएवढा एक दिवा असे. एरवी तो हिरवा. आज पिवळा होता. तेवढ्यात ती दचकून बाजूला झाली आणि म्हणाली, "हे बघा, तुम्ही वयानं मोठे आहात, म्हणून काही बोलत नाही."

आता हा दिवा म्हणजे काय, ते सांगायला हवं. मानसीताईंना विसराळूपणाचं दुखणं जडलं, त्याला सहा वर्षं झाली होती. पूर्वी या दुखण्यावर उपाय नव्हता. माणूस डोळ्यांदेखत झिजायचा आणि घरच्यांनी ते बघत बसायचं. मग 'खूणगाठ' आली. तिच्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. आठवण मेंदूत एका जागी कधीच नसते. तुम्ही कृष्णाकाठी बसून भेळ खाल्ली असेल, तर भेळेची चव एकीकडे, पाण्याचा आवाज दुसरीकडे, शेजारी बसलेल्या माणसाचा चेहरा तिसरीकडे. हे तुकडे कुठंकुठं ठेवलेत त्याचे पत्ते मात्र मेंदूच्या आत, बोटभर लांबीच्या एका भागात असतात. दुखणं आधी हे पत्ते खातं. आठवण शाबूत असते, पण तिच्यापर्यंत जायची वाट बुजलेली असते. खूणगाठ ते पत्ते बाहेरून सांभाळते. ओळखीचा चेहरा दिसला, आवाज कानी पडला, की त्या त्या पेशींना अलगद चाळवते आणि आठवण उभी राहते.

जुन्या माणसांना हे पटकन समजे, कारण त्यांनी कॉम्प्युटरवर ब्राउझर वापरलेला होता. आवडलेल्या पानाला बुकमार्क लावून ठेवायचा. पान तिकडं दूर कुठंतरी असतं, आपल्याकडे फक्त त्याची खूण. हल्लीच्या मुलांना ब्राउझरच ठाऊक नाही. ती हवेत प्रश्न विचारतात आणि उत्तर येतं.

दिगंबररावांना तर हे दुसऱ्या कुणी समजावायचीही गरज नव्हती. तरुणपणी विश्रामबागेत त्यांचं नेट कॅफे होतं, 'मानसी नेट कॅफे'. निम्मं सांगली शहर तिथं ईमेल करायला शिकलं. रोज कुणीतरी रडकुंडीला येऊन म्हणायचं, "दिगूभाऊ, माझे सगळे बुकमार्क गेले हो!" दिगूभाऊ खुर्चीत मागे रेलून सांगायचे, "जात नाहीत ते कुठं. आधी बघ, कुणाच्या नावानं उघडलंय. शेजारच्याच्या प्रोफाइलमध्ये शिरून आपलं सामान शोधतोयस लेका!" आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं.

आज त्यांच्या घरातल्याच खुणा गेल्या होत्या, आणि दिगूभाऊंचं डोकं चालेना. त्यांनी यंत्र बंद करून चालू केलं. चार्जिंगची उशी बदलली. मदतीच्या नंबरला फोन लावला, तर एक गोड आवाज म्हणाला, "आपली आठवण आमच्यासाठी मोलाची आहे." दिगंबरराव त्या आवाजावर इतके ओरडले, की आतून मानसीताई भिऊन विचारू लागल्या, "पोलिसांना बोलवू का?"

दुसऱ्या दिवशी ते तिला घेऊन मिरजेच्या केंद्रात गेले. तिथं सानिया मुजावर नावाची तंत्रज्ञ होती. तिशीच्या आतली, बोलायला मऊ आणि कामाला चोख. तिनं मानसीताईंच्या कपाळाला पट्टी लावली आणि पडद्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा उतरत गेला.

"काका, खुणा शून्य दाखवतंय."

"शून्य म्हणजे? सहा वर्षांच्या आहेत त्या! बॅकअप असेल की तुमच्याकडे."

"बॅकअप आहे. पण त्यालाही कुलूप तेच आणि किल्लीही तीच."

किल्लीचा प्रकार त्यांनी सुरुवातीला ऐकला होता, पण तेव्हा कोण लक्ष देतं? सानियानं पुन्हा सांगितलं. दुसऱ्याच्या आठवणी कुणी चोरू नयेत म्हणून प्रत्येकाच्या खुणांना कुलूप असतं, आणि त्याची किल्ली म्हणजे माणसाचं स्वतःचं नाव. गाढ झोपेतही आपलं नाव कानावर पडलं की मेंदूत एक लहर उठते. ती दुसऱ्या कुठल्याही शब्दाला उठत नाही, आणि तिचं सोंगही आणता येत नाही. खूणगाठ रोज सकाळी कानाच्या हाडातून नाव कुजबुजते. लहर उठली, की खुणा उघडतात. नाही उठली, तर यंत्राला वाटतं, ही कुणी भलतीच व्यक्ती. मग ते जुनं सगळं बंद ठेवतं आणि कोरं पान उघडतं.

"बघा," असं म्हणून तिनं बटण दाबलं. यंत्र कुजबुजलं, 'मानसी'. पडद्यावरची रेघ सरळच्या सरळ गेली. पुन्हा 'मानसी'. पुन्हा सरळ.

"स्वतःचं नावच विसरलीय ती?" दिगंबररावांचा आवाज चिरकला.

"असं शेवटच्या पायरीवर होतं, काका. पण यांची बाकीची तब्येत तशी दिसत नाही. मला कोडंच पडलंय. घरी दुसऱ्या नावानं हाक मारता का? लाडाचं काही?"

"छे. मी 'अगं' म्हणतो. मुलगी 'आई' म्हणते. गल्लीतले 'मानसीवहिनी' म्हणतात."

सानियानं तेही करून पाहिलं. 'अगं'ला रेघ हलली नाही, 'आई'लाही नाही. जगातल्या निम्म्या बायकांना त्याच हाका मारतात, त्यावर यंत्र तरी कसा विश्वास ठेवणार?

"आणि काका, एक सांगायला हवं." तिनं आवाज खाली आणला. "मेंदू स्वस्थ बसत नाही. वापरात नसलेल्या जागा तो दुसऱ्या कामाला लावतो. खुणा बंद राहिल्या तर पत्ते खोटे पडत जातात. महिनाभरात उघडल्या नाहीत, तर मग उघडूनही काही हाती लागणार नाही."

परतताना बिनड्रायव्हरच्या रिक्षात दोघं शेजारी बसले होते. मानसीताई खिडकीला चिकटून, मध्ये पर्स ठेवून. बऱ्याच वेळानं त्यांनी सभ्यपणे विचारलं, "तुमच्या मिसेस कुठं असतात?"

"इथंच असतात," ते कसेबसे म्हणाले.

"बरं वाटत नाही का त्यांना?"

"हो. जरा बरं नाही."

"होतील बऱ्या," ती म्हणाली, आणि बाहेर बघू लागली.

मुलगी केतकी मेलबर्नहून येणार होती, पण तिकीट मिळायला वेळ होता. रोज ती पडद्यावर यायची आणि रोज आई तिला "कोण गं बाळ तू?" विचारायची. पोर रडायची. महिना वाळूसारखा हातातून निसटत होता. शेवटी दिगंबररावांनी बेळगावला मेव्हणीला फोन केला. या सिंधूताई, मानसीताईंच्या थोरल्या बहीण. गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. वर्षाकाठी कधीतरी भेट व्हायची, एरवी फोनवरच ख्यालीखुशाली. "तुमची तरी ओळख उरली असेल तोवर येऊन भेटून जा," असं दिगंबरराव बोलून गेले आणि बोलता बोलता त्यांना रडू फुटलं.

सिंधूताई आल्या. दारातच काठी आपटून त्यांनी हाक दिली, "शैले! अगं ए शैले! कुठं दडलीस?"

"आले गं!" स्वयंपाकघरातून उत्तर आलं, आणि पाठोपाठ मानसीताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. चेहरा उजळलेला. "किती उशीर? वाट बघून डोळे दुखले की माझे!"

दिगंबरराव बघतच राहिले. तिच्या कानामागचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हिरवा, पिवळा, हिरवा. लहर उठली होती, पण किल्ली जुळत नसल्यामुळे यंत्र घोटाळ्यात पडलं होतं.

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खुणा कुठंही गेल्या नव्हत्या. उघडलं होतं ते दुसऱ्याच नावानं! शैला. लग्नाआधीची शैला दीक्षित. दुखणं नव्यापासून खात जुन्याकडे सरकतं. वरचं नाव त्यानं खाल्लं, आणि खालचं नाव होतं तसं शाबूत राहिलं. सानियानं त्यांना स्पष्ट विचारलं होतं, दुसरं कुठलं नाव आहे का? आणि ते बेधडक 'छे' म्हणाले होते. लपवायचं नव्हतं हो, शपथेवर सांगतील, त्यांना आठवलंच नाही. विसराळूपणाचं दुखणं बायकोला होतं, आणि तिचं नाव विसरले होते हे!

"चोवीस वर्षं शैला होती की ती," सिंधूताई म्हणाल्या. "तुम्ही नाव ठेवलंत, पण अंगवळणी पडायला नको? पहिलं वर्षभर तुमच्या मातोश्री 'मानसी, मानसी' म्हणून घसा कोरडा करायच्या आणि ही आपली ढिम्म. सून बहिरी दिली म्हणून बाबांना निरोप आला होता!"

एरवी या गोष्टीवर दिगंबरराव खो खो हसले असते. आज त्यांनी नुसती मान हलवली.

सानियाला बोलावलं तेव्हा ती धावतच आली. सगळं ऐकून तिनं जीभ चावली. "माझ्या डोक्यातच आलं नाही, काका. आमच्यात मुलीचं नाव नाही बदलत." मग ती कामाचं बोलली. कुलूप जुनंच, पण किल्ली बदलता येत होती. 'मानसी'च्या जागी 'शैला' बसवायचं. सगळ्या खुणा उघडतील, नवरा, मुलगी, घर, सगळं.

"मग वाट कसली बघताय? करा की!"

"त्याची एक किंमत आहे." सानिया शब्द जुळवत बोलू लागली. "कुलपाला एकच किल्ली चालते. दुखणं इतकं वाढल्यावर दोन नावांना लहर उठली तर यंत्र गोंधळतं आणि पुन्हा सगळं बंद करतं. म्हणून 'मानसी' या नावाची उरलीसुरली वाट कायमची बंद करावी लागेल. पुढं त्यांना ते नाव कळणारच नाही. जुन्या आठवणींतही जिथं जिथं ते असेल, तिथं गाळलेली जागा दिसेल. बाकी आठवण तीच राहील, नाव तेवढं नसेल."

"आणि 'मानसी'च परत शिकवलं तर? सरावानं?"

"करून बघू शकता. पण वेळ जाईल, आणि पत्ते तोवर टिकतील याची खात्री मी देऊ शकत नाही."

दिगंबरराव खिडकीशी जाऊन उभे राहिले. ते नाव त्यांनी निवडलं होतं, मुलगी बघायच्याही आधी, कॉलेजात असताना. पुढं कॅफेला तेच, पहिल्या स्कूटरवर तेच. त्यांच्या लेखी जग दोन भागांत होतं, मानसी आणि इतर. तीच जर 'कोण मानसी?' म्हणाली, तर आपण इतकी वर्षं कुणाबरोबर राहिलो?

"मला विचार करायला वेळ हवा," ते म्हणाले.

"तिला दिला होतात का?" सिंधूताईंनी विचारलं.

"सिंधूताई, तुम्ही यात पडू नका!"

"मी नाही पडत. बसा विचार करत. तो महिना काही तुमच्यासाठी थांबायचा नाही."

दिगंबरराव हट्टाला पेटले. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते बायकोसमोर खुर्ची घेऊन बसू लागले. "मानसी. मानसी. माझ्याकडे बघ. मानसी." सुरुवातीला ती मागे वळून बघायची, कुणाला हाक मारतायत म्हणून. मग नुसतीच कसनुसं हसायची. दिवा पिवळाच. केतकी पडद्यावरून विनवायची, "बाबा, नाव काय घेऊन बसलात? मला आई हवीय." ते फोन ठेवून द्यायचे. रात्री झोप नाही, दिवसा अन्न गोड लागेना. एकदा तर त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि ओरडले, "मानसी! ऐकू येत नाही का तुला?"

ती घाबरली नाही. उठून जवळ आली, खुर्ची ओढून बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं मधलं अंतर मोडलं होतं.

"त्या मानसीबाई सापडत नाहीत का हो?" ती हळुवारपणे म्हणाली. "किती शोधताय तुम्ही. रोज बघते मी. हे बघा, असे खचू नका. मी येऊ का तुमच्याबरोबर शोधायला? दोघं मिळून शोधू."

दिगंबररावांनी तोंड ओंजळीत लपवलं. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, एखाद्या दुःखी पाहुण्याच्या पाठीवरून फिरवावा तसा. ज्या बाईला आपलं नाव, नवरा, घर काही ठाऊक नव्हतं, ती त्यांची काळजी करत होती. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. माणूस समोर बसलं होतं, आणि ते नावाला धरून बसले होते.

त्यांनी डोळे पुसले आणि सानियाला फोन लावला.

किल्ली बदलायचं काम मिरजेच्याच केंद्रात झालं. नव्या किल्लीला आवाज हवा होता, रोज घरात ऐकू येईल असा. म्हणजे दिगंबररावांचा. सानियानं खूण केली, आणि त्यांना कळलं की हे नाव आपण आजवर एकदाही उच्चारलेलं नाही. जीभ अडखळली. सिंधूताईंनी कोपऱ्यातून डोळे वटारले.

"शैला," ते म्हणाले.

"ओ."

पडद्यावर लहर उठली, उंच आणि स्वच्छ.

"शैला."

"अहो, ओ दिली की!"

"पुन्हा, काका. थांबू नका," सानिया म्हणाली. तिचा दुसरा हात दुसऱ्याच बटणावर होता. एका बाजूनं नवी वाट पक्की होत होती, दुसऱ्या बाजूनं जुनी बुजत होती. दिगंबरराव हाक मारत राहिले. पडद्याच्या कडेला एक पुसट रेघ होती, ती हळूहळू आणखी पुसट झाली आणि मग दिसेनाशी झाली. ते तिकडं बघायचं टाळत होते, तरी त्यांना ती जाताना दिसली.

कानामागचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय सरकत गेलं, ते तिचं तिलाच ठाऊक. मग डोळे उघडून तिनं नवऱ्याकडे नीट पाहिलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा काय अवतार? दाढी कधीची केली नाही? आणि शर्टाचं बटण तुटलंय ते कुणी लावायचं?"

दिगंबरराव हसले, रडले, दोन्ही एकदमच. सानियाही डोळे टिपत होती. तिथूनच केतकीला पडदा जोडला. आईनं पहिल्या झटक्यात "केतू, वाळलीस किती!" म्हटलं, आणि पलीकडून पोरीचा हुंदका इतका मोठा आला की बाहेरची माणसं डोकावली. दिगंबररावांनी मनात म्हटलं, झालं तर मग. एका नावाच्या बदल्यात एवढं मिळालं. सौदा वाईट नाही झाला.

ती मात्र उघडलेल्या खुणांमधून अजून फिरत होती. लग्नाचा मांडव, बाबांचा बसलेला घसा, सिंधूताईंची हरवलेली नथ, एकेक आठवून सांगत होती. मध्येच ती थांबली.

"अहो, ते तांदळाचं ताट हो. तुम्ही अंगठीनं काहीतरी लिहीत होतात त्यात. किती वेळ घेतला होतात! भटजी घाई करत होते, तरी तुमचं आपलं कोरून कोरून चाललं होतं. मला तुमचा हात दिसतोय, अंगठी दिसतेय, तांदूळसुद्धा दिसतायत. अक्षरं तेवढी दिसत नाहीत." तिनं त्यांचा हात धरला. "काय लिहिलं होतंत हो तुम्ही?"

सानियानं मान खाली घातली. सिंधूताई दिगंबररावांकडे बघत होत्या.

"शैला," दिगंबरराव म्हणाले. "शैला लिहिलं होतं."

"खरंच?"

"खरंच गं."

तिनं केवढा तरी मोठा श्वास सोडला. "मग बरं झालं बाई. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता माझा. म्हटलं, बदलतायत की काय."